खिडकी नसलेलं यंत्र

ताईने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पत्र्याला कान लावला आणि बटण दाबलं. आत काहीतरी टचकन वाजलं, पंखा अर्धा वळसा फिरल्यासारखा झाला आणि थांबला. तिने पुन्हा दाबलं. या वेळी तेवढंही वाजलं नाही.

“गेला,” ती म्हणाली.

“कशावरून? दिवा तर लागलाय,” बेबी दारातूनच म्हणाली.

“दिवा लागू दे. श्वास नाहीये त्याच्यात.”

बेबीने हातातला टॉवेल खुर्चीवर टाकला आणि जवळ येऊन स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीन काळी होती. तिने वायरी काढून पुन्हा खोचल्या, भिंतीवरचं बटण बंद करून चालू केलं, कॅबिनेटला एक चापटसुद्धा मारून पाहिली. ताई हात मांडीवर ठेवून हे सगळं ऐकत होती.

“मारून काय होणार? म्हातारपणी सगळ्यांचं असंच व्हायचंय,” ती म्हणाली. पण हसली नाही.

ताईला जन्मापासून दिसत नव्हतं. अंधशाळेत ती भूगोल शिकवायची. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी शाळेचे नकाशे अजून तिच्याच टेबलावर तयार व्हायचे. जाड कागदावर ठिपके उठवणारा एक दणकट जुना प्रिंटर शाळेने तिला देऊन टाकला होता, आणि त्याला चालवणारा नकाशांचा प्रोग्राम या आत्ताच मेलेल्या कॉम्प्युटरमध्ये होता. नदीला कोणते ठिपके, डोंगराला कोणते, समुद्र सुरू झाला हे बोटाला कसं कळावं, हे सगळं तिने त्या प्रोग्रामसमोर वर्षानुवर्षं बसून ठरवलं होतं. मधल्या काळात नवे प्रोग्राम आले. त्यांनी काढलेल्या नकाशावरून बोट फिरवून ती म्हणायची, “सगळीकडे नुसतं पुरळ उठलंय.”

आणि आता शाळा नव्या इमारतीत जाणार होती. जुन्या इमारतीचा कोपरा न् कोपरा मुलांच्या पायांना पाठ होता. नवी मात्र तीन मजल्यांची, लांबच लांब व्हरांड्यांची. मुलांचा पाय तिथे पडण्याआधी ती इमारत त्यांच्या बोटांखालून जायला हवी, अशी मुख्याध्यापिकाबाईंनी ताईला गळ घातली होती. तळमजला निम्मा झाला होता. वरचे मजले बाकी होते. इथेच घोडं पेंड खात होतं.

“मी नेते दुरुस्तीला,” बेबी म्हणाली. “तू काळजी करू नकोस. मी आहे ना.”

बेबी हे ताईच्या या धाकट्या बहिणीचं घरातलं नाव. बाहेर ती मोठ्या इस्पितळातली एक्स-रे आणि स्कॅन वाचणारी डॉक्टर होती. अंधाऱ्या खोलीत उजळलेल्या फिल्मसमोर बसून तिने जन्म काढला. राखाडी सावलीतली दुसऱ्या कुणालाही न दिसलेली बारीकशी रेघ तिला दिसायची. नवरा गेला, पाठोपाठ नोकरीही संपली, तेव्हा दोन बॅगा घेऊन ती ताईकडे राहायला आली. ताईला सोबत म्हणून, असं ती सगळ्यांना सांगायची. कोण कुणाची सोबत होतं, ते ताई कधी बोलून दाखवत नसे.

दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट उघडून त्यात तोंड घातलं आणि मान हलवली.

“बोर्ड जळालाय, मॅडम. असला बोर्ड आता शोधूनही मिळायचा नाही. पण डिस्क धडधाकट आहे. परवा या, जशीच्या तशी उतरवून ठेवतो.”

तिसऱ्या दिवशी त्याने काडेपेटीएवढी एक डबी तिच्या तळहातावर ठेवली.

“अख्खा कॉम्प्युटर यात आहे. एक फाइल.”

“सांगता काय!” बेबीने डबी हातात तोलून पाहिली. तिला काही वजनच नव्हतं.

“आता तुमचा घरचा नवा कॉम्प्युटर आहे ना, त्याच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर उभा करायचा. त्याला पत्रा नाही, पंखा नाही, हात लावायला काहीच नाही. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. ही फाइल त्याला डिस्क म्हणून द्यायची. ती जागी होते, आणि तिला वाटतं आपण आपल्या जुन्याच घरात आहोत.”

“तिला कळत नाही?”

“कसं कळणार? ती जे मागेल ते हे तिच्यापुढे करत राहतं. कीबोर्ड मागितला, कीबोर्ड. प्रिंटर मागितला, प्रिंटर.” तो हसला. “असं मशीन उभं करणारी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. तीन देतो. चालवून बघा, तुम्हाला कुठलं मानवतं ते.”

घरी येईपर्यंत बेबीने ती डबी पर्समध्ये ठेवली नाही, मुठीतच धरली.

“तीन स्थळं आलीत,” तिने ताईला सांगितलं. “तिन्ही बघून एक पसंत करायचं आहे.”

“बघ तू,” ताई म्हणाली. “मी ऐकून पसंत करीन.”

पहिलं सॉफ्टवेअर बसवायला सकाळ गेली. बेबीने चष्मा नाकावर घट्ट करून एकेक पायरी वाचली, फाइल जोडली, बटण दाबलं. नव्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एक लहानशी काळी खिडकी उघडली. तिच्यात पांढरी अक्षरं धावली, थांबली, आणि मग चार सुरांची ती जुनी धून वाजली. रोज सकाळी स्वयंपाकघरात ऐकू यायची, तीच.

ताईची मान वर झाली.

बेबी खुर्ची मागे सारून उभी राहिली. खिडकीत ताईचा कॉम्प्युटर उघडला होता. हिरवट रंगाची तीच पार्श्वभूमी, कोपऱ्यात वाकडंतिकडं लावलेलं तेच चित्र, तेच घड्याळ. तिने टेबलाखाली पाहिलं. कॅबिनेटच्या जागी धुळीचा चौकोन होता. तिने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

“ताई, तो खाली नाहीये,” ती म्हणाली.

“माहितेय गं. तूच तर उचलून नेलास.”

“आणि घड्याळात आजची तारीख आहे. हा मेला तेव्हा आजची तारीख उजाडलीसुद्धा नव्हती!”

“बाहेरच्या कॉम्प्युटरने सांगितली असेल,” ताई म्हणाली. तिने कीबोर्ड ओढून घेतला. जुन्या कॉम्प्युटरमध्ये स्क्रीन वाचून दाखवणारा एक घोगरा, नाकातला आवाज होता. ताई त्याला भाऊसाहेब म्हणायची. नव्या कॉम्प्युटरमधली वाचणारी बाई गोड बोलायची, पण ताईचं मन तिच्यात रमत नसे. आता ताईने एक कळ दाबली आणि भाऊसाहेब बोलले, “न, न, न, नका, काशे.”

ताई खळखळून हसली. “भाऊसाहेबांना हुडहुडी भरलीय!”

हसू ओसरल्यावर मात्र काम होईना. कळ दाबली की आवाज अंमळ उशिरा यायचा, तोही तुटत तुटत. तोवर ताईची बोटं चार घरं पुढे गेलेली असायची. दोन दिवस झगडून तिने हात टेकले. पहिलं स्थळ नाकारलं गेलं.

दुसरं पाहताच बेबी त्याच्या प्रेमात पडली. स्वच्छ, रेखीव खिडकी, मोठी बटणं, प्रिंटरची वायर आतल्या कॉम्प्युटरला जोडून द्यायची तर एका चित्रावर टिचकी मारायची, की झालं. भाऊसाहेबांचा आवाजही खणखणीत.

“हीच देखणी आहे,” बेबी म्हणाली.

ताईने तळमजला उघडला आणि कामाला लागली. अडचण एकच होती. आतला कॉम्प्युटर ताईशी बोलत होता, पण त्याला उभं करणारी ही देखणी खिडकी स्वतः काही बोलत नव्हती. नवी वाचणारी बाई तिच्यावरून फिरायची आणि एवढंच म्हणायची, “बटण. बटण. बटण.” कुठलं बटण कशाचं, त्याचा पत्ता नाही.

“मी दाबते की,” बेबी म्हणाली. “मला कुठे जायचंय?”

मग तसंच सुरू झालं. सकाळी चहा झाला की बेबी येऊन आतला कॉम्प्युटर सुरू करायची, प्रिंटर जोडून द्यायची आणि शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसायची. इमारतीच्या आराखड्यावरची मापं वाचून दाखवायची. मध्येच काही चौकट उघडली की ताई विचारायची, “बघ गं, काय म्हणतोय?” आणि बेबी वर्तमानपत्र बाजूला ठेवून, चष्मा सावरून, बघायची. इस्पितळातून निघाल्यापासून असं कुणी तिला विचारलं नव्हतं. वर्तमानपत्राचं पहिलं पान दुपारपर्यंत उलटलं जात नसे.

एकदा दाढ ठणकायला लागली म्हणून ती दाताच्या डॉक्टरकडे गेली. तिथे गर्दी होती, नंबर लांबला. परत आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. ताई टेबलाशी बसली होती. हात मांडीवर. प्रिंटर गप्प. स्क्रीनच्या मधोमध एक चौकट होती: प्रिंटर सुटला आहे, पुन्हा जोडायचा का? खाली एकच बटण.

“कधीपासून बसलीयस?”

“तू गेलीस, त्यानंतर जरा वेळाने.”

“अगं, मग फोन करायचास!”

“दाताच्या डॉक्टरने तुझं तोंड उघडं धरलेलं असताना?” ताई म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, “रागावले नाहीये हं मी. पण बटण, बटण, बटण... आपल्याच घरात बसलोय आणि बाहेरून कुणीतरी कडी लावून गेलंय, असं वाटतं बघ.”

बेबीने माऊस धरला आणि टिचकी मारली. डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढाच वेळ लागला. प्रिंटर दणादणा ठिपके ठोकू लागला, ताईचे हात मांडीवरून उठून कागदाकडे गेले. बेबी मात्र माऊसवर हात ठेवून तशीच उभी राहिली. दाढ बधिर होती. गालावरून हात फिरवला तर तो दुसऱ्याच कुणाचा गाल असल्यासारखा लागत होता.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तिने देखणीला रजा दिली.

“का गं?” ताई दचकली. “चाललंय की चांगलं.”

“तिसरं स्थळ राहिलंय बघायचं.”

“तूच म्हणालीस ना, त्यात काही नाही म्हणून?”

ते खरं होतं. तिसऱ्याला खिडकी नव्हती, चित्रं नव्हती, बटणं नव्हती. ते फक्त ओळी टाइप करून चालवायचं, असं त्याच्या माहितीत लिहिलं होतं, आणि पहिल्याच दिवशी ती काळी पाटी पाहून बेबीने नाक मुरडलं होतं. आता ती मदतीची पानं मोठ्याने वाचू लागली. दोन ओळी झाल्या नाहीत तोच ताईने तिच्या हातावर हात ठेवला.

“थांब. हे सगळं अक्षरांचंच आहे?”

“अक्षरांचंच.”

“मग मला दे.”

तिने कीबोर्ड ओढला. नवी वाचणारी बाई बोलू लागली आणि ताईने तिचा वेग वाढवत वाढवत इतका नेला, की बेबीला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा नुसता गुंजारव ऐकू येत होता. त्यातूनच ताई काय हवं ते वेचत होती. “हं, मेमरी इतकी... हं, डिस्क ही... प्रिंटरला कायमचं आत देऊन टाकायचं, हे बरं आहे.” बेबीने दोनदा काही सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा ताई ते आधीच ओलांडून गेली होती. दुपारी ताईने शेवटची ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं.

काहीच झालं नाही. काळ्या स्क्रीनवर एक पांढरी रेघ उघडझाप करत राहिली. बेबी खिडकी उघडायची वाट पाहत होती. तिने स्क्रीनचे चारी कोपरे शोधले. फिल्मवरचा बारीक तडा शोधावा तसे शोधले.

“नाही झालं, ताई. काहीच आलेलं नाही.”

“शू.”

“अगं, खरंच काही...”

“चालू झालाय तो. ऐक.”

चार सूर वाजले. मग घोगरा आवाज, अखंड, एकही अक्षर न अडखळता, म्हणाला, “नकाशे.”

“पण कुठेय?” बेबीचा आवाज खाली आला. “ताई, तो आहे कुठे? स्क्रीनवर काहीच नाहीये.”

“याला स्क्रीन दिलेलीच नाही. मला काय करायचीय? तसं सांगता येतं त्याला. तेवढीच मेमरी वाचते.” ताईची बोटं केव्हाच चालू लागली होती. “मॉनिटर बंदच कर. उगाच वीज जळते.”

बेबीने हात पुढे करून मॉनिटर बंद केला. पांढरी रेघही गेली. खिडकीतून येणाऱ्या उन्हात काळ्या काचेवर तिला तिचाच चेहरा दिसला, आणि त्याच्यामागे खोली. एवढंच. त्या काचेपलीकडे एक कॉम्प्युटर चालू होता, त्याच्या पोटात दुसरा होता, त्यात तीन मजल्यांची इमारत होती, आणि तिच्या जिन्याने ताई वर चालली होती. दिसत काहीच नव्हतं. आणि काही कमीही नव्हतं.

जे आहे ते कुठेतरी उमटतंच. पुसट का होईना, फिल्मवर आलं पाहिजे. नाही आलं, तर नाही. एवढ्या एका विश्वासावर बेबीने हजारो माणसांच्या छातीत, डोक्यात, हाडांत डोकावून निदान सांगितलं होतं. ती हळूच खुर्चीवर टेकली. खुर्चीचा आवाज होऊ नये म्हणून तिने टेकताना टेबल धरलं.

“काय झालं? गप्पशी?” ताईने विचारलं.

“काही नाही. बघतेय.”

“काय बघतेयस? मॉनिटर तर बंद केलास.”

“तेच,” बेबी म्हणाली.

त्यानंतर टेबलापाशी तिचं काम फारसं उरलं नाही. मापं ती अजूनही वाचून दाखवायची. बाकी सकाळी ती चहा घेऊन यायची तेव्हा भाऊसाहेब आधीच बोलत असायचे. पहिले काही दिवस ती शेजारी बसून राहिली. मग एकदा उठून फिरायला गेली, आणि परत आली तर दुसऱ्या मजल्याचे कागद नीट रचून ठेवलेले होते.

शाळा भरायची त्या सकाळी दोघी नव्या इमारतीत गेल्या. रंगाचा वास अजून गेला नव्हता. मुख्याध्यापिकाबाईंनी प्रत्येक वळणावर एक शिक्षक उभा केला होता आणि स्वतः त्या फाटकापासून दारापर्यंत येरझारा घालत होत्या. ताई दाराजवळच्या बाकावर बसली. मुलं बसमधून उतरली, रांगेने आली. पहिली काही उंबऱ्याशी थांबली. एक हात भिंत शोधत गेला, भिंत सापडली. कुजबूज झाली. आणि मग रांग सुटली. गर्दी झाली नाही, धक्काबुक्की नाही. कुणी डावीकडे वळलं, कुणी जिन्याकडे, कुणी थेट पाण्याच्या नळाशी जाऊन पाणी प्यायलं.

“ऐक,” ताईने बेबीचा हात धरला.

“काय?”

“पावलं. घसटत नाहीयेत.”

बेबीने ऐकलं. कितीतरी छोटी पावलं नव्या फरशीवर उमटत होती. उचललेली, टाकलेली, पुन्हा उचललेली. चाचपडणारं माणूस पाय उचलत नाही, ओढतं, हे तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. शेजारी मुख्याध्यापिकाबाई येरझारा घालायच्या थांबल्या होत्या.

जरा वेळाने बेबी एकटीच आत गेली. व्हरांडा पुढे जाऊन दोन दिशांना फुटत होता. दोन्हीकडे सारखी दारं, सारखा रंग; वर्गांवर पाट्या अजून लागायच्या होत्या. आराखडा तिनेच तर वाचून दाखवला होता, एकेक माप. ती मधोमध उभी राहून इकडे पाहू लागली, तिकडे पाहू लागली. तिच्या बुटाला कशाचा तरी हलकासा धक्का लागला. पांढऱ्या काठीचं टोक होतं. काठीमागे दोन वेण्यांची एक मुलगी.

“कोण उभंय?” मुलीने विचारलं.

“मी. नकाशे करणाऱ्या बाई आहेत ना, त्यांची बहीण.”

“वाट चुकलात का?”

“अगं, पहिल्यांदाच आलेय इथे.”

“मीपण,” मुलगी म्हणाली. “कुठे जायचंय तुम्हाला?”

बेबीला तसं कुठेच जायचं नव्हतं.

“वरच्या मजल्यावर,” ती म्हणाली.

“मग खांद्यावर हात ठेवा. जिना डावीकडे आहे.”

मुलीने पाठ वळवली आणि खांदा जरासा पुढे केला. बेबीने चष्मा काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि त्या लहानशा खांद्यावर हात ठेवला.